‘त्यांना कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात कुठल्याही औद्योगिक वसाहतीतून चक्कर मारा. गेटागेटावर बॅनर लागलेले असतात, सकाळच्या पाळीला शपथ घेतली जाते, घोषवाक्य स्पर्धेत पहिल्या आलेल्याला टिफिनचा डबा मिळतो आणि पाहुणे भाषणात सांगतात की आपल्या कामगारांमध्ये धोक्यांविषयी जागृती नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रश्नावल्या भरून घेतात, त्यांच्या प्रबंधांचा शेवटही ठरलेला: आरोग्यशिक्षणाची नितांत गरज आहे. कारखान्यात स्फोट झाला की वाहिन्यांवरच्या चर्चेत कुणी ना कुणी हेच ऐकवतं. इतकी शिकलेली माणसं इतकी वर्षं हे एकमुखाने सांगत आली आहेत, तरी मला ते मान्य नाही. त्यात चूक आहेच, पण चुकीपेक्षा सोय मोठी आहे.

कळत नाही म्हणजे नेमकं काय कळत नाही? पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याला बोट तुटतं हे कळत नाही?

भोसरीतल्या एका शेडमध्ये मी प्रेस चालताना पाहत उभा होतो. पत्र्याची पट्टी डायखाली सरकवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबायची, की वरचा रॅम धाडकन खाली येतो. बटणं दोन ठेवलेली असतात ती एवढ्याचसाठी, की रॅम खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. इथे एका बटणाच्या फटीत लाकडाची चपटी काडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. उजवा हात बटणावर, डावा पट्टी सरकवायला मोकळा. त्यामुळे दर ठोक्यामागे थोडा वेळ वाचतो आणि तासाचा आकडा गाठता येतो. ‘काडी कशाला?’ असं विचारल्यावर त्या पोराने लपवाछपवी केली नाही. पलीकडच्या मशीनवरच्या माणसाकडे मानेने खूण केली. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. ‘माहीत आहे हो,’ तो म्हणाला, ‘पण पीस कमी भरले तर उद्या ठेकेदार दुसरा माणूस आणतो.’ सुपरवायझर तिथून तीनदा गेला. काडी त्यालाही दिसत होतीच.

या पोराला जागृतीच्या वर्गात बसवून काय शिकवणार आहात? त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर ते अर्धं बोट हलतं आहे. काडी काढली तर तासाचा आकडा भरत नाही आणि ठेवली तर आज ना उद्या बोट जाईल, हा हिशेब त्याने तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळा केला आहे. तो आकडा कुणी ठरवला, आणि बटणाऐवजी हात आत असेपर्यंत रॅम हलूच न देणारा प्रकाशपडद्याचा सेन्सर का बसवला नाही, हे प्रश्न शपथेच्या कागदावर नसतात.

कायद्याला मात्र बोटाची जाण बारीक आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पेरापेराचा भाव लिहिलेला होता. तर्जनी संपूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असं धरायचं, मधलं बोट गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी ७. नुसतं टोक उडालं आणि हाड शाबूत राहिलं, तर तर्जनीला ५ आणि करंगळीला २. बोटं कशी जातात आणि किती जातात याचा एवढा तपशील सरकारदरबारी कधीचाच ठाऊक आहे. तेव्हा निदान बोटांच्या बाबतीत तरी अज्ञानाची सबब कुणी पुढे करू नये.

हरियाणातल्या वाहनउद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. अपघातांत सर्वांत पुढे पॉवर प्रेस, आणि जखमी होणारे बहुतेक परप्रांतातून आलेले, ठेकेदाराकडचे. त्यांच्या अहवालांतली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. राज्य कामगार विमा योजनेचं ओळखपत्र कामगाराला रुजू झाल्याबरोबर मिळायला हवं. यांतल्या बऱ्याच जणांना ते अपघात झाल्यानंतर मिळालं. म्हणजे बोट तुटल्यावर ऑफिसातल्या माणसाने घाईघाईने संगणक उघडला. इथे जागृती कोणाला नव्हती? उलट मालकाची जागृती अगदी वेळेवर होती म्हणायची.

आता इतिहासाकडे येऊ, कारण ‘हळूहळू जागृती येईल’ असं सांगणाऱ्यांचा सूर असा असतो, जणू कामगाराने हा विषय कधी ऐकलेलाच नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्याला शाळेच्या पुस्तकांतून माहीत असतात. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही: कामावर गंभीर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. सही करणाऱ्यांतल्या कित्येकांना अक्षरओळखही नसणार. त्यांना कळलेली ही गोष्ट सरकारला कायद्यात लिहायला १९२३ साल उजाडावं लागलं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, आणि गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीचा रोग ओळखण्याची खूणही त्या सुट्टीशीच जोडलेली आहे. एक दिवस विश्रांती घेऊन माणूस सोमवारी खात्यात शिरला की छाती आवळून येते. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये राबणाऱ्याला हे नाव ठाऊक नसेल, पण आपला सोमवार त्याला ठाऊक होता.

त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचं दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होतं. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. एकाच्या थुंकीतून दुसऱ्याला क्षय होईल, म्हणून ही पद्धत बंद करा, अशी ओरड कोणा गिरणीमालकाने केल्याचं माझ्या वाचनात नाही. विटाळाची मात्र दखल घेतली गेली. कोणता धोका लक्षात घ्यायचा आणि कोणत्याकडे कानाडोळा करायचा, हे ठरवण्याची सत्ता कोणाच्या हाती असते याचा इतका उघडा नमुना दुसरा सापडणार नाही.

एवढं म्हटल्यावर समोरचा गूळ पुढे करतो. ‘अहो, अजून ते धुळीवर गूळ खातात!’ खरं आहे. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, सिमेंटच्या गोदामांत, खडी क्रशरवर पाळी संपली की गुळाचा खडा तोंडात टाकतात. धूळ पोटात उतरते, छाती मोकळी होते, असा समज. लखनौच्या विषविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या एका प्रयोगाचा दाखलाही त्यासाठी देतात. माणसाच्या फुप्फुसात रुतलेली सिलिका गूळ बाहेर काढतो, असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही. पण गुळाचा अर्थ लावताना आपण गफलत करतो. जो रोज गूळ खातो त्याला धूळ छातीत जाते हे कळलेलं आहे, म्हणूनच तो खातो. आणि पुष्कळ ठिकाणी तो गूळ कंपनीच वाटते. धूळ ओढून घेणारा पंखा आणि त्याची नळकांडी बसवायला लाखांत खर्च येतो, गुळाची ढेप काही शेकड्यांत येते. तेव्हा अडाणीपणाचा शिक्का मारायचाच तर आधी ढेपेच्या बिलावर कोणाची सही आहे ते बघा.

इथे मला एक गोष्ट सरळ मान्य करायची आहे. कामगाराला सगळंच ठाऊक असतं, असा माझा दावा नाही. फाउंड्रीत साचा फोडताना, फेटलिंगला ग्राइंडर लावताना उडणारी जी धूळ डोळ्याला दिसते ती बरीचशी नाकात, घशात अडते. फुप्फुसाच्या तळाशी पोचते ती ५ मायक्रॉनहून बारीक धूळ. ती दिसत नाही, नाकावर बांधलेला रुमाल तिला अडवत नाही, आणि तिचा परिणाम दहा-वीस वर्षांनी दिसतो, तोवर माणसाने तीन कारखाने बदललेले असतात. यंत्रमागाच्या खडखडाटात ऐकू येणं इतकं सावकाश कमी होतं की इचलकरंजी किंवा भिवंडीतला कामगार घरी टीव्हीचा आवाज वाढवत राहतो आणि बायको चिडते, तेव्हा कुठे लक्षात येतं. ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर तर निवृत्तीनंतर गाठतो. ही माहिती अनुभवाने मिळत नाही. ती मोजमापातून मिळते. मोजण्याचं यंत्र, मोजमापाचा अहवाल, छातीचा एक्स-रे, रसायनाच्या पिंपाबरोबर आलेलं माहितीपत्रक हे सगळं ऑफिसच्या कपाटात असतं. माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत. वार्षिक तपासणी करणारी गाडी कारखान्यात येते, फुंकर मारून घेते, रक्त घेते आणि निघून जाते. अहवाल जातो मनुष्यबळ विभागाकडे. ज्याच्या छातीचा फोटो काढला त्याच्या हातात कागद येत नाही. उलट फोटोत काही दिसलं, तर पुढच्या महिन्यात ठेकेदार त्याचं नाव कमी करतो.

म्हणजे जिथे अज्ञान खरोखर आहे, तिथे ते कुणीतरी राखून ठेवलेलं आहे. आणि हे बेकायदा आहे. भोपाळ १९८४ मध्ये झालं; त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं. धोकादायक प्रक्रियेतल्या धोक्यांची माहिती मालकाने कामगाराला द्यायची, आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या कामगाराला पाहता आल्या पाहिजेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं. माहिती मागण्याचा हक्कही दिला. १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्याच्या नोंदी ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं. घोषवाक्यांची स्पर्धा भरवणाऱ्या किती कारखान्यांनी हे प्रकरण मराठीत आणि हिंदीत छापून गेटवर लावलं? मी तरी असा फलक पाहिलेला नाही.

डॉक्टरमंडळींनाही यातून सोडता येत नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामधंद्याच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हे विचारायलाच हवं असं बजावलं. आपल्याकडे केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. त्यात ‘मजूर’ लिहितात आणि पुढे जातात. वाळूत काम करणारा खोकत येतो, एक्स-रेवर डाग दिसतात, क्षयाची औषधं सुरू होतात. सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीचा फुप्फुसाचा रोग, झालेल्याला क्षय होण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यामुळे गोंधळ वाढतो आणि दोन रोगांपैकी एकाचीच नोंद होते, तीही ज्याची भरपाई कोणाला द्यावी लागत नाही त्याची. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा असे रोग आढळले तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवावं, असं कारखाना कायद्याचं ८९ वं कलम सांगत होतं. न कळवल्यास दंड १,००० रुपयांपर्यंत. हा दंड भरलेला डॉक्टर तुमच्या माहितीत असला तर जरूर कळवा.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगात कामामुळे वर्षाला सुमारे २९ लाख माणसं मरतात, त्यांतली अपघाताने साधारण सव्वातीन लाख, बाकीची रोगांनी. म्हणजे एका अपघाती मृत्यूमागे जवळपास आठ मृत्यू रोगाचे. आपल्या देशात २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी १,१०९ माणसं अपघातात मेली, दिवसाला तीन, असं केंद्राच्याच कारखाना सल्ला महासंचालनालयाची आकडेवारी सांगते. मग रोगाने मेलेले कुठे आहेत? ते गावाकडे परत गेलेले असतात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर धुळीचं नाव नसतं.

गोध्र्याची गोष्ट सांगतो. तिथल्या गारगोटी दळणाऱ्या गिरण्यांत झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी कामाला जात आणि काही महिन्यांत धाप घेऊन परतत. मामला २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. मेलेल्या २३८ जणांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, असा आदेश २०१६ साली झाला. मधल्या १० वर्षांत गावागावांत जागृतीची काही कमतरता नव्हती, शेजारच्या झोपडीत माणूस मरताना दिसत होता. अडचण पुराव्याची होती. हजेरीचा कागद नाही, ओळखपत्र नाही, मालक म्हणणार हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. जागृती करायची असेल तर हजेरीपटाची करा.

‘पण आम्ही साधनं देतो, हेच वापरत नाहीत.’ हा बचाव मला सर्वांत जास्त वेळा ऐकवला गेला आहे, तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पहिली गोष्ट, औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रात मास्क, गॉगल, हातमोजे यांचा नंबर शेवटचा लागतो. आधी धोक्याचा पदार्थ काढून टाकायचा, नाहीतर बदलायचा, नाहीतर यंत्राला झाकण, धूळ ओढणारा पंखा, गार्ड बसवायचं, मग कामाची पद्धत आणि पाळ्या बदलायच्या, आणि एवढं करूनही उरलेल्या धोक्यापुरता मास्क. ब्रिटनने १९४९ सालीच ओतीव मालावर वाळूचा मारा करण्याला बंदी घातली; तिथल्या कामगाराला वाळूविषयी जागृत करत बसले नाहीत, वाळूच काढून टाकली. आपण पायरी शेवटची धरतो, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यावरून घसरला तर दोष त्याचा. दुसरी गोष्ट, देतात काय? साध्या कापडाचा मास्क. भट्टीजवळ तो दहा मिनिटांत घामाने भिजतो, मग त्यातून श्वास ओढवत नाही. ओतकाम करणाऱ्याने तो खाली ओढला तर त्याला बेफिकीर म्हणायचं.

तिसरी गोष्ट जरा आपल्याच घरची. २०१९ साली पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लोक अशिक्षित नव्हते. त्यांत डोकं फुटतं हे न कळणारा एकही नसेल. मान दुखते, केस गळतात, गावात कशाला हवं, अशी त्यांची कारणं होती. या कारणांना आपण लोकशाहीतला मतभेद म्हणालो. तेच कामगाराने केलं की अज्ञान.

आणि जे बायाबापड्यांच्या जागृतीवर बोलतात त्यांना मुळशी तालुक्यातल्या उरवड्याच्या कारखान्याला ७ जून २०२१ रोजी लागलेली आग आठवावी. १७ कामगार गेले, बहुतेक स्त्रिया. त्यांनी कोणती घोषवाक्यं पाठ केली असती म्हणजे त्या वाचल्या असत्या?

हा वाद आज नव्याने घालावा लागतो याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि १९४८ चा कारखाना कायदा तिच्यात विरून गेला. सगळ्या आस्थापनांत ४० वर्षांवरच्यांची मोफत वार्षिक तपासणी, नेमणूकपत्र, या गोष्टी तिच्यात चांगल्या आहेत. नेमणूकपत्र खरोखर हातात पडू लागलं तर गोध्र्यासारखी अडचण बरीच कमी होईल. पण मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे. आता २० लागतात. काडी खोचलेली प्रेस, गूळ वाटणारी फाउंड्री, रसायनाच्या पिंपांचं गोदाम हे सगळं प्रामुख्याने याच १० ते २० च्या वस्तीत राहतं. निरीक्षकाच्या नावापुढे ‘सुविधाकार’ हा शब्द जोडला आहे, आणि तपासणी कोणाची करायची ते संगणक सोडतीने ठरवणार. देखरेख मागे सरते तेव्हा तिची जागा भरायला जागृती पुढे करतात, कारण जागृतीला निरीक्षकांची पदं भरावी लागत नाहीत.

हा लेख वाचणाऱ्यांत प्रेसवर उभे राहणारे थोडे असतील. पण तपासणीच्या अहवालावर सही करणारे डॉक्टर, उत्पादनाचा तासाचा आकडा ठरवणारे इंजिनिअर, ठेकेदाराचं बिल पास करणारे अधिकारी, चार मशीनची शेड टाकलेले उद्योजक नक्कीच असतील. तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. केसपेपरवर ‘मजूर’ लिहू नका, काय काम, कुठल्या धुळीत, किती वर्षं ते लिहा. धुळीच्या आणि आवाजाच्या मोजमापाचा ताजा आकडा, शेजारी कायद्याची मर्यादा, गेटवर मराठीत आणि हिंदीत लावा. ज्याची छाती तपासली त्याला त्या तपासणीची प्रत त्याच आठवड्यात द्या. विम्याचं कार्ड पहिल्या दिवशी द्या. आणि प्रेसच्या बटणात काडी दिसली तर पोराला झापण्याआधी तासाचा आकडा कमी करा.